कचरूभाऊची सव्वीस मेंढरं

मी कचरूभाऊची सव्वीस मेंढरं एका दुपारी पुसून टाकली. मुद्दाम नाही, त्याला खूश करायला. माझ्या हातून आजवर जे काही बिघडलं, ते कुणाला तरी खूश करायला निघालो तेव्हाच बिघडलं. बायकोच्या वाढदिवसाला मी फ्रीजमधला बर्फ स्वतः काढला होता, स्क्रू ड्रायव्हरनं. पण फ्रीज दुसरा आणता आला. मेंढरं दुसरी आणता आली नाहीत.

मेंढरं कम्प्युटरमधली होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी दचकायला नको. नुसती कम्प्युटरमधली होती असं मात्र मी आता म्हणत नाही. तेव्हा म्हणायचो.

तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि ते चारी दिशांना सुटलेलं होतं. सिडकोत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही दहा-बारा जण नकाशे गिरवायची नोकरी करायचो. उपग्रहानं काढलेला फोटो स्क्रीनवर घ्यायचा आणि माउसनं प्रत्येक शेताचा बांध, विहीर, पायवाट त्यावर गिरवायची. शहराला वाढायला जमीन लागते आणि जमीन घेण्याआधी ती कुणीतरी गिरवावी लागते. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. वर्षं लागोपाठ दुष्काळाची. फोटोत सगळा मुलूख भाजलेल्या पापडासारखा दिसायचा, आणि ऑफिसच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्या दिवशी साहेबसुद्धा बादल्या भरायला उठायचे.

कचरू माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचा. पिशोरकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हा पहिलाच खुर्चीवर बसणारा. उंच, वाळका, आणि वैशाखातसुद्धा गळ्याला मफलर. खुर्चीच्या पाठीवर घडी घालून ठेवलेली एक काळी घोंगडी. ती कशाला, असं विचारलं तर म्हणायचा, "खुर्ची आपली हाय हे कळाया नको?"

मला तो पहिल्या दिवसापासून 'देवा' म्हणायचा. आमच्या घराण्यात कधीकाळी पौरोहित्य होतं, पुढं कारकुनी आली, आणि माझ्यापर्यंत येता येता मंत्र आणि अक्षर दोन्ही संपलं. पण खेड्याकडं आमच्यासारख्यांना देवा म्हणायची रीत आहे. कचरूच्या तोंडी त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला कधीच नीट कळलं नाही. "काय देवा, आज बांध नदीतून नेला व्हय?" असं विचारायचा. मी नेलेला असायचा.

त्याला मोजायची सवय होती. जेवणाची सुट्टी संपून सगळे जागेवर आले की तो मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी सगळ्यांवरून एक फेरी मारायचा आणि पुटपुटायचा, "आली सगळी." एखादा चहाला रेंगाळला असेल तर तो येईपर्यंत याचा हात माउसवर स्थिर व्हायचा नाही. वीसवीसनं मोजायचा. सव्वीस म्हणायचं असेल तर "एक ईस आन् सा." संध्याकाळी दिवसभराच्या फायली अशाच मोजायचा आणि मगच मशीन बंद करायचा. मी दिवसातून दोनदा फायली हरवायचो, आणि त्या शोधून आणायचं कामही त्याच्याकडंच असायचं.

सुट्टीत आम्ही चौघं एक जुना गेम खेळायचो. वीस वर्षांपूर्वीचा. थोडी माणसं, एक घर हाती येतं. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, किल्ला बांधायचा आणि शेजाऱ्यावर चालून जायचं. सुरुवातीला आसपास मेंढरं भटकत असतात. ती हाकून आणायची, कापायची आणि माणसांना खाऊ घालायची. ज्याची मेंढरं लवकर कापली जातील त्याचा किल्ला लवकर उभा राहतो.

कचरू सगळ्यांच्या आधी मेंढरं हाकून आणायचा. आमच्या वाटणीचीही आणायचा. आणि कापायचा नाही. घरासमोर गोल करून उभी ठेवायचा. त्याची माणसं बोरं वेचून जगायची. आम्ही घोडेस्वार घेऊन पोचायचो तेव्हा त्याच्याकडं भिंत नाही, भाला नाही, नुसती मेंढरं. रोज हरायचा.

"कापत का नाहीस रे?" मी एकदा चिडून विचारलं. असं सोपं जिंकायचा मलाही कंटाळा आला होता.

"पाळली न् देवा."

"अरे, चित्रं आहेत ती."

"मग चित्रं कापायची येवढी घाई कशापायी?"

या गेमची चित्रं जुनी, ठोकळ्या ठोकळ्यांची. नव्या रुंद स्क्रीनवर झाड ओल्या फडक्यासारखं दिसायचं. मला इंटरनेटवर एक फोरम सापडला. तिथं जगभरातले आमच्यासारखे रिकामटेकडे एकत्र येऊन या गेमला नवी चित्रं करत होते. त्याला मॉड म्हणतात. गेमच्या पोटातून जुनं चित्र बाहेर काढायचं, नवं रेखीव चित्र रंगवायचं आणि अगदी त्याच नावानं जुन्याच्या जागी ठेवायचं. नाव तेच हवं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर गेमला ते चित्र सापडत नाही. ही नावाची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं माझा घात तिनंच केला. म्हणजे मीच केला, तिच्या मदतीनं.

मी मोठ्या उत्साहानं जमिनीचं चित्र केलं. मातीचा एक चौकोनी तुकडा. गेम तोच तुकडा शेजारी शेजारी मांडून सगळी भुई तयार करतो. चालू केलं तर अख्खा देश बाथरूमच्या फरशीसारखा. कचरूनं माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं.

"देवा, या रानात सैनिक लढाया आले का आंघोळीला?"

मग त्यानं पाठीमागची घोंगडी माझ्यापुढं पसरली. "ही दोन पट्ट्यांची हाय. मधी जोड हाय. दावा."

मी पाच मिनिटं बोटं फिरवली आणि विजयानं एक रेघ दाखवली. ती वाळलेली डाळ होती.

"जोड दिसला की काम गेलं," तो म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य. पुढं ते मी इतक्यांदा ऐकलं की मला ते झोपेतही ऐकू यायचं. डावी कड उजव्या कडेला मिळाली पाहिजे, वरची खालच्या कडेला. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं दोन दिवस माझा तुकडा घोटला आणि तिसऱ्या दिवशी भुई सलग झाली.

तेव्हापासून तो या कामात पडला आणि मी त्याचा मदतनीस झालो. अर्थात फोरमवर मी स्वतःला 'प्रमुख' लिहायचो.

कचरूला रंगवलेली माती पसंत नव्हती. खरी माती पाहिजे. हर्सूलचा तलाव त्या वर्षी तळापर्यंत आटला होता. तिथं भेगाळलेल्या गाळाचे फोटो काढायचे ठरले. फोटोत सावली नको, नाहीतर गेममध्ये चुकीच्या बाजूनं ऊन पडतं. म्हणून सूर्य डोक्यावर असताना जायचं. मे महिन्यात, साडेबारा वाजता, माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं. कचरू मफलर डोक्याला बांधून तळ्याच्या मध्यापर्यंत चालत गेला. एका जागी वाकून गाळाची पापडी उचलून हुंगली आणि म्हणाला, "इथं आमची मेंढरं पाणी प्यायची. आबा त्या तिथं उभा ऱ्हायचा." आबा म्हणजे त्याचे वडील. मी म्हटलं, फोटो मी काढतो, कारण फोन माझा चांगला होता. साठ फोटो काढले. मग मला भोवळ आली आणि त्यानं मला एका बाभळीखाली नेऊन बसवलं.

सोमवारी ती भुई गेममध्ये घातली. सुरेख भेगा, सुरेख रंग. आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं एक गोल, दोन कान असलेला काळा डाग. हजारो. सूर्य डोक्यावर होता हे खरं, पण मी वाकून फोटो काढत होतो आणि माझ्या डोक्याची सावली बरोबर मध्ये. सबंध वाळवंटात क्षितिजापर्यंत माझीच डोकी. ऑफिसातले सगळे येऊन बघून गेले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

कचरू हसला नाही. "देवा, तुम्ही सगळीकडं हायेत," एवढंच म्हणाला, आणि पुढच्या रविवारी एकटा जाऊन फोटो काढून आला.

किल्ल्याच्या भिंतीसाठी आम्ही जुन्या शहरातल्या एका दरवाजाचे दगड टिपायला गेलो, तो प्रकारही माझ्यामुळंच चिघळला. दगडाचं माप हवं म्हणून मी मोठा टेप नेला होता आणि काखेत ऑफिसच्या नकाशाची गुंडाळी. शहरात तेव्हा जिकडं तिकडं रस्ते रुंद होत होते. टेप उघडला आणि पाच मिनिटांत तीस माणसं गोळा. टोप्या विकणारे एक म्हातारे चाचा पुढं आले.

"क्या भई, नाप कायकू ले रहे? हमारा दुकान जाता क्या?"

यावर कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. मला वाटलं, अधिकारी समजतायत तर समजू द्या, काम लवकर होईल. मी म्हणालो, "फक्त नोंद घेतोय. पुढचं वरून ठरेल."

जो गलका झाला त्यात माझा टेप कुणीतरी ओढून नेला. कचरूनं मध्ये शिरून चाचांचा हात धरला. "नाय चाचा. ये झूट बोलते. हम गेमवाले है. मोबाइल में खेलते न् पोरं, वैसा. उसमें तुम्हारे दरवाजे का पत्थर लगाते."

"गेम में? हमारा दरवाजा?" चाचांनी त्याच्याकडं, मग दरवाजाकडं बघितलं. "तो इधर से क्यों लेते, इधर चूना पोता है. पिछू से लेव. पिछू असली है."

आणि त्यांनी स्वतः मागं नेऊन दाखवलं. चहा पाजला. मला मात्र चहा देताना विचारलं, "ये साब को भी देना क्या?"

ऑफिसच्या कामात कचरू एकदाच अडलेला मी बघितला. बिडकीनच्या बाजूचा पट्टा आमच्याकडं गिरवायला आला होता. प्रत्येक तुकड्याला चार शब्दांपैकी एक शब्द द्यायचा: बागायत, जिरायत, गायरान, पडीक. एका राखाडी तुकड्यावर तो दहा मिनिटं थांबला.

"काय झालं?"

"इथं दरसाल आमचा वाडा बसायचा देवा. पिशोराकडनं निघालो की गंगेकडं जाताना. दोनशे मेंढरं बसायची. काय लिहू?"

गंगा म्हणजे आमच्याकडं गोदावरी, आणि वाडा म्हणजे मेंढरांचा उघड्यावरचा मुक्काम. आमच्या यादीत वाडा हा शब्द नव्हता. "पडीक लिही," मी म्हणालो. त्यानं लिहिलं. वर्षभरात त्या बाजूला तारेचं कुंपण पडलं आणि चारपदरी रस्ता आखला गेला. आमच्या नकाशामुळंच पडलं असं नाही. पण वडिलांची वाट आपल्या हातानं पडीक लिहिली, हे त्यानं मनाला लावून घेतलं. मला एवढंच आठवतं की त्या दिवशी त्यानं संध्याकाळी फायली मोजल्या नाहीत.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आबांनी कळप विकायला काढला. दोनशेची आधीच सव्वीस झाली होती. ती सव्वीस द्यायची ठरली, कारण चारा नाही आणि चालायला वाट नाही. कचरूनं चार दिवसांची रजा टाकली आणि माझा फोन मागून नेला. व्यापाऱ्याचा टेम्पो यायच्या आधी त्यानं प्रत्येक मेंढराचे फोटो काढले. डाव्या अंगानं, उजव्या अंगानं, समोरून, पाठीमागून. चार दिवसांनी परत आला. फोटो ऑफिसच्या मशीनवर उतरवले, फोन रिकामा करून मला दिला आणि गेममधलं मेंढराचं चित्र उघडलं.

मूळ गेमला एकच मेंढरू. तेच सगळीकडं. कचरूनं सव्वीस केली. सहा महिने लागले. सुट्टीत आम्ही खेळायचो तेव्हा तो रंगवायचा. गेमनं सव्वीस वेगवेगळी चित्रं कशी उचलावीत याची खटपट मी केली, आणि माझ्या हातून बरोबर झालेलं हे एकच काम, म्हणून मुद्दाम सांगतो. प्रत्येक मेंढराला नाव होतं. काळतोंडी, बोडकी, कानतुटी, एक डोळ्यापाशी पांढरा ठिपका असलेली टिकली. आबांची खूण सगळ्यांवर: पाठीवर गेरूचा ओबडधोबड पट्टा आणि डाव्या कानाला खालून काप. स्क्रीनवर ती खूण दोन-चार ठिपक्यांची. पण कचरू त्या ठिपक्यांवर एकेक दुपार घालवायचा. संध्याकाळी मोजायचा. "एक ईस आन् सा. आली सगळी."

सात झाली तेव्हा मी हट्ट धरून ती फोरमवर टाकली. "सात सोडा," तो म्हणाला, "बघू कशी चालत्यात." लोकांनी कौतुक केलं. पोलंडच्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानं विचारलं, यांच्या पाठीला रक्त का लागलंय? कचरूनं मला उत्तर लिहायला लावलं: रक्त नाही, मालक आहे.

कळप गेल्यापासून आबा बोलत नव्हते. दिवसभर अंगणात बसायचे आणि सांजवेळी उठून गावाबाहेर जाऊन उभे राहायचे, कळप यायच्या वेळेला. कचरूनं हर्सूलला दोन खोल्या घेतल्या होत्या; तिथं त्यांना कायमचं आणायचं ठरलं होतं. आणि आणलं की पहिल्या रविवारी ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर मेंढरं दाखवायची.

"बोलत्याल मग," तो म्हणाला. "एकेकीला नावानं हाक मारत्याल बघा."

त्याच सुमाराला फोरमवर एक नवा प्रोग्राम गाजायला लागला. अंधुक चित्र त्याला द्यायचं. तो आपणहून अंदाज बांधून ते मोठं, स्वच्छ, रेखीव करून द्यायचा. मी कचरूला दाखवला.

"अंदाज म्हणजे?" त्यानं विचारलं. "त्यानं आमचं मेंढरू कुठं बघितलं?"

"लाखो मेंढरं बघितलीत त्यानं."

"आमचं बघितलं का?" मग म्हणाला, "बाकी रान तुमचं, देवा. झाडं करा, डोंगर करा. मेंढरांच्या फोल्डरला हात लावू नका."

"शब्द," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. मला तो हात आठवतो.

शनिवारी तो आबांना आणायला पिशोरला गेला. दुपारी ऑफिसात मी एकटा. झाडं झाली, डोंगर झाले, सगळं लखलखीत. आणि त्या लखलखीत डोंगरांवर कचरूची मेंढरं मळकी दिसायला लागली. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर अधू. उद्या त्यांना ही स्वच्छ दिसली तर? कचरू येईल, बघेल, खूश होईल. शिवाय मी फोरमवर रविवारची तारीख जाहीर करून बसलो होतो, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी उगाच दयाळू वाटेन.

प्रोग्रामनं सांगितलं, डिस्कवर जागा नाही. मी एक फोल्डर शोधला, 'कच्चे' नावाचा, भरपूर मोठा. फोटोंचा. काम तर झालंय, आता कच्चे कशाला? काढला. रिसायकल बिनही रिकामा केला, शिस्त म्हणून. मग मेंढरं त्या प्रोग्रामला दिली. तयार चित्रं त्याच नावानं त्याच जागी. गेमला नाव तेच लागतं ना. जुन्यावर नवं बसलं. अठरा मिनिटं लागली. मी मॉड फोरमवर चढवला, आधीच्या सात मेंढरांच्या जागी. सोबतच्या माहितीत माझं नाव वर आणि खाली, 'कचरू यांचे सहकार्य लाभले.'

रविवारी आबा आले. पांढरा पटका, हातात काठी. काचेच्या दाराबाहेर वहाणा काढल्या. चाकाच्या खुर्चीवर बसवलं तर टेबल घट्ट धरलं. "ही हलतीया रं," म्हणाले. कचरूचा चेहरा पहिल्यांदाच पोरासारखा उघडा झाला होता. "बघा आबा आता."

मी मोठ्या ऐटीत गेम सुरू केला.

माळावर मेंढरं आली. शुभ्र. साबणाच्या जाहिरातीतली असावीत तशी. पाठी स्वच्छ, कान अखंड, तोंडं सारखी. प्रोग्रामनं गेरूला घाण समजून धुतलं होतं, कानाचा काप भरून काढला होता, टिकलीचा ठिपका पुसला होता.

आबांनी बराच वेळ बघितलं. पुढं वाकून बघितलं.

"कुणाची ही?"

"आपली, आबा," कचरू म्हणाला. आवाज आधीच उतरला होता.

"आपली न्हाईत."

बस्स. म्हातारा मागं टेकला आणि खिडकीतून रस्त्याकडं बघायला लागला.

मी बोलत सुटलो. नवा प्रोग्राम, किती स्वच्छ, फोरमवर लोक काय काय म्हणतायत. कचरूनं माझ्या हातातून माउस घेतला. फोल्डर उघडला. एकेका फायलीवरून खाली गेला. सगळ्यांवर एकच तारीख, शनिवारची. त्यानं मोजली. सव्वीसच भरली. एकही कमी नव्हती, आणि त्याची एकही नव्हती.

"कच्चे?" त्यानं विचारलं.

"जागा नव्हती म्हणून…"

"बरं."

मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्यात, बहुतेक पचल्या. ते 'बरं' अजून पचलेलं नाही. त्यानं आबांना उठवलं, वहाणा पायात सरकवल्या, आणि जाताना दारातून म्हणाला, "येतो सर."

सर. त्या दिवसापासून मी सर झालो. सोमवारी तो वेळेवर आला. बांध गिरवले, मी हरवलेली फाईल शोधून दिली, "ही घ्या सर." सुट्टीत खेळायला बसला नाही. घोंगडी घरी नेली. तीन महिन्यांनी त्यानं दुसरीकडं नोकरी धरली, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी मला फोरमवर त्याची एकुलती एक ओळ दिसली, मोडक्या इंग्रजीत: माझं नाव काढा. ही मेंढरं माझी नाहीत.

आता खरी लाज सांगतो. त्या ओळीनं मला राग आला. जगासमोर मला तोंडघशी पाडलं म्हणून. पुढची दोन वर्षं मी लग्नांत, बारशांत, चहाच्या टपरीवर सांगत फिरलो, की मी ज्याला पुढं आणलं त्यानंच माझा कसा विश्वासघात केला. मी चांगला सांगायचो. सावलीचा किस्सा आधी घ्यायचो, लोक हसायचे, मग हळूच आवाज उतरवायचो. एकदा बायकोनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विश्वासघात तुझा झाला म्हणतोस. मग मेंढरं कुणाची गेली?"

मी त्यानंतर तो किस्सा सांगितला नाही.

फोरम जवळपास ओस पडला होता. पण मला तो पोलंडचा रेल्वेवाला आठवला. तो फोरमवर आलेली प्रत्येक गोष्ट जपून ठेवणारा माणूस होता. त्याला लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: रक्त लागलेली सात? आहेत माझ्याकडं. काळतोंडी, बोडकी, कानतुटी, गेरूसकट, कापासकट. मी ती पेन ड्राइव्हवर घेतली. दोनदा तपासली. फाईल उघडायचीसुद्धा भीती वाटत होती, की उघडता उघडता मी काहीतरी करीन.

हर्सूलला शोधत शोधत गेलो. रविवारची सकाळ, गल्लीत टँकर लागलेला, बायकांच्या हंड्यांची रांग. घराचं दार उघडंच होतं. मी उंबऱ्यापाशी थबकलो.

आत कचरू कम्प्युटरपुढं बसलेला, पाठमोरा. मफलर तोच. खुर्चीच्या पाठीवर घोंगडी. शेजारी स्टुलावर आबा, काठी गुडघ्यांत. स्क्रीनवर एक मेंढरू, भलंमोठं केलेलं, अर्धं रंगवलेलं.

"आजून खाली," आबा सांगत होते. "तिचा पट्टा वाकडा व्हता. मी लावताना ती हालली व्हती."

"इथवर?"

"तितं. आन् कान… न्हाई, तिचा काप मोठा. त्या साली कातर बोथट व्हती."

भिंतीला कागद लावलेला होता, त्यावर नावं. रंगवून झालेल्यांपुढं फुली होती. मी लांबूनच फुल्या मोजल्या, सवय त्याचीच. एकोणीस.

मी खाकरलो. कचरूनं मागं वळून बघितलं. त्याच्या डोळ्यांनी एकदा सगळ्या खोलीवरून फेरी मारली, भिंतीवरचा कागद, आबा, स्क्रीन, आणि मग ते माझ्यावर थांबले.

"या सर."

मी पेन ड्राइव्ह पुढं केला. "सात सापडली. जुनी. तुझी. पोलंडला होती."

त्यानं तो घेतला, उलटसुलट करून बघितला आणि शर्टाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं. "बघतो सर."

आबांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "कोण रं हे?"

"हापिसातले सर हायेत आबा."

"मेंढरं धुनारे?"

मी मान डोलावली. काहीतरी कबूल करायला मिळालं याचंच मला बरं वाटलं, आणि मी चप्पल काढून आत यायला पाय उचलला.

"थांबा तिथंच," आबा म्हणाले, आणि काठीनं स्क्रीनकडं दाखवत लेकाला म्हणाले, "ते बंद कर आधी. याला पुसायची सवय हाय."